ओठातली गादी

—मान वर कर, अजून वर, दाराकडे, उजेड पडू दे आत. हां, आणि बोलू नकोस. तिजानी, तू बोललास की जीभ हलते आणि जीभ हलली की मला काही दिसत नाही. जन्मभर उंटांच्या बाजारात बोली पुकारून पुकारून तुझी गप्प बसायची सवयच मोडलीय, पण खलफल्लाच्या दुकानात या स्टुलावर बसलं की आ करायचा आणि शब्द गिळायचे — ओमदुर्मान शहरातले मोठेमोठे बसलेत इथे असे आ वासून, मशिदीतले, पोलिसातले, एक तर न्यायाधीश होता, त्याचीही लाळ गळलीय माझ्या या बोटावर. वीज गेलीय, थांब, मोबाईलचा दिवा लावतो. बाहेर बघितलंस? आभाळ विटकरी झालंय, धुळीचं वादळ येणार अंधार पडायच्या आत. गिऱ्हाईक काही फिरकायचं नाही आता. बरंय, निवांत बघतो तुझं.

लोकांना वाटतं तुंबाकवाला म्हणजे काय, परातीत हात घालून तंबाखू मळणारा. अरे, बार धरतात ओठात तो मी मळलेला, मग ओठाचं दुखलंखुपलं कुणी बघायचं? ज्यानं दिला त्यानं. माझा बापही बघायचा, याच स्टुलावर. डॉक्टरकडे गेलं की आधी रांग, मग सुई, मग भीती. इथे रांग नाही, सुई नाही. — जीभ काढ बाहेर. पूर्ण काढ, लाजतोस काय नव्या नवरीसारखा! हं. वर पांढुरका थर, तो काही नाही, झोप नाही, पाणी कमी, तोंड कोरडं. मधे काळपट, तो चहाचा आणि माझ्या मालाचा. मागे एकजण रडत आला, म्हणे जिभेवर काळे केस उगवलेत, आता मी काही वाचत नाही! केस कसले, जीभ कधी घासली नव्हती पठ्ठ्यानं. म्हटलं, अराकच्या काडीनं दात घासतोस तशी जिभेवरूनही फिरव, झालं. एका बाईची जीभ गुळगुळीत, लालबुंद, सोललेल्या मांसासारखी, नुसता भात खाल्ला तरी आग; तिला रक्तच नव्हतं अंगात. एकाला दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं धरलेलं, पुसलं की निघायचं आणि खाली लाल — त्याला म्हटलं साखर तपास तुझी, तर निघाली की साखर! घरात कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे मला कळतं बरं का, अगदीच उंटावरून शेळ्या हाकत नाही मी. आणि उंटाचं तुला काय सांगायचं!

आता खालचा ओठ. दोन बोटांत धर आणि ओढ पुढे. — वा! ही बघ गादी! अरे, कसली गादी जमवलीयस, पांढरी, जाड, सुरकुत्या पडलेली, तापवून ठेवलेल्या दुधावरची सायच. नव्या गिऱ्हाइकाचा ओठ गुलाबी असतो, बार ठेवला की चुरचुरतं, डोळ्यांत पाणी, थुंकायला पळतो. मग वर्षं जातात, कातडी धीट होते, गादी धरते, मग बार कितीही कडक असू दे, साहेब आपले गादीवर आरामात. एकाच जागी माणूस रोज बसला तर चटईलाही खळगा पडतो, ओठाला पडला तर नवल काय? माझा बाप सोयरीक ठरवताना थट्टेनं म्हणायचा, मुलाचं राहू द्या, मुलाच्या बापाची गादी दाखवा, घर किती जुनं ते कळेल. कापडानं पुसून बघतो हं. — नाही निघत. माझं एक ठरलेलं आहे, पुसून निघतं ते पाहुणं, पुसून निघत नाही ते घरचं. गादी घरची. तिची काळजी करायची नाही. सोड ओठ.

जीभ उजवीकडे वळव आता, डावी कड बघू दे. अजून. — … — हे काय रे? नाही, नाही, हलू नकोस. काही नाही, दिवा हलला हातातला. हे… हां, दात! मागचा दात मोडलाय बघ तुझा, टोक आलंय, ते घासत असणार, घासून घासून जखम. एक रिक्षावाला आला होता असाच, दात उपटला, जीभ साफ. तुझंही तेच, उगाच घाबरलास. — मान कशाला हलवतोस? त्या बाजूचा नाही? हा… समोरून उलटं दिसतं, बरोबर. दात उजवीकडे. जखम डावीकडे. असू दे, झोपेत माणूस जीभ कुठेही नेतो. कधीपासून आहे? खुणेनं सांग. रमजानच्या आधीपासून? अरे, आता तर हाजी लोक परत येऊन त्यांच्या मेजवान्याही उरकल्या! एवढे दिवस तोंड आलंय आणि तू गप्प? बोट लावतो हं, चावू नकोस. कडा वर आलेल्या… मधे खळगा… लाल आणि पांढरं एकत्र, आणि खाली कडक, कोय असावी तसं. दुखतं? — नाही? दाबलं तरी नाही? मग झालं तर! दुखतं ते वाईट, दुखत नाही ते जुनं. मलाही दुखत नाही. म्हणजे… माझ्या पुष्कळ गिऱ्हाइकांना दुखत नाही, असं म्हणायचं होतं मला.

आता उपाय ऐक, आ तसाच राहू दे, कान मोकळे आहेत ना? कोमट पाण्यात मीठ, सकाळ-संध्याकाळ गुळण्या. बाभळीच्या शेंगा भिजत घालायच्या आणि ते पाणी तोंडात धरायचं, गिळायचं नाही, तुरट लागेल, लागू दे. मिरची बंद, लिंबू बंद, चिंचेचं सरबत बंद, चहा ओठाला पोळेल इतका कढत प्यायचा नाही, ती कोपऱ्यावरची चहावाली उकळता पेला हातात देते आणि तुम्ही मेले तिच्याकडे बघत तसाच नरड्यात ओतता. आणि मुख्य म्हणजे — बार सोडू नकोस, जागा बदल. हा माझ्या बापाचा उपाय. एका जागेला त्रास झाला की तिला विश्रांती द्यायची. डावीकडचा बार उजवीकडे. उजवीकडे त्रास झाला तर वरच्या ओठात, वरून गालात. तोंड मोठं आहे रे, अल्लानं जागा भरपूर दिलीय. हसबो लोहार आठवतो? त्यानं असंच केलं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून वर, वरून गालात, मग मला म्हणाला जरा हलका मळ, तो झोंबणारा खार कमी घाल. दिला हलका मळून. मग साफ्याचं टोक गालावरून गुंडाळून यायला लागला, उन्हाचं. मग आला नाही. गावी गेला, नदीकाठी, खजुरीची झाडं होती त्याची, राखण करायला. मजेत आहे. म्हणजे — होता. ताप आला होता त्याला, तापानं गेला तो, गाल वगैरे लोक काहीही बोलतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि हलका माल मागणारा तो दुसरा, तो शिंपी — तोही गावीच गेला. आणि सिर्र, तो पाणी विकणारा… तोही. जातात माणसं गावी. वय झालं की गावाची ओढ लागते.

काय बघतोस माझ्या तोंडाकडे? मी तुझं बघायचं की तू माझं? — हो, वर धरतो मी बार आता. वरच्या ओठात. सहज. हवापालट! अरे, खाली अडचण काही नाही, नुसतं… कळत नव्हतं, बार आहे की नाही ते. दोनदा असं झालं, एक बार तोंडात असताना दुसरा भरला, आमची बतूल बघून हसली, म्हणाली म्हातारा झालास. त्या बाईचं काय सांगू, तिचा घोशा चाललाय, भेंडीच्या कालवणावर तू पहिल्यासारखी मिरची घेत नाहीस, किसऱ्याच्या भाकरीचा तुकडा एकाच बाजूनं चावतोस, जेवायला एवढा वेळ का लावतोस. अगं बाई, पोट बिघडलंय! पोट बिघडलं की जिभेला आग होतेच, लहान मूलही सांगेल. आणि इकडे गिऱ्हाइकांचा वेगळाच तमाशा. ज्याला बघावं तो म्हणतो, खलफल्ला, तुझा माल कडक झालाय, ओठ भाजतो, कातडी निघते. बापाच्या हाताचा माल, तीच परात, तोच फाशरहून येणारा तंबाखूचा पाला, त्याच खाराचं पाणी, तसंच मळणं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, तसंच झाकून मुरवणं. आणि मग चिमूट स्वतःच्या ओठात धरून बघायची, चुणचुणलं की तयार, नाही चुणचुणलं तर खाराचा आणखी एक हात. माझ्याकडे तराजू नाही, माप नाही. माप म्हणजे हा ओठ. हा कधी चुकलाय? पण यांचेच ओठ नाजूक झालेत, मी चाखतो तेव्हा तर काहीच चुणचुणत नाही, मी उलट खार वाढवतच…

काय? तोंड का मिटलंस? मी मिट म्हटलं नव्हतं. — सावकाश बोल, शब्द जड येतायत तुझे, मला कळत नाहीत. — कुठे? दवाखान्यात? तू? कधी? — म्हणजे तू आधीच दाखवून आलास, आणि तरी माझ्यापुढे येऊन आ करून बसलास? मी आपला तासभर बाभळीच्या शेंगा सांगतोय! काय थट्टा लावलीयस म्हाताऱ्याची? — तुकडा काढला? जिभेचा? काचेखाली बघितला… — नाही, थांब. ते नाव घेऊ नकोस. या दुकानात नाही. दुष्ट आजार म्हण, आमच्या घरात आजवर कुणी त्याचं नाव घेतलं नाही. अल्ला… — तिजानी. खरं सांगतोस? डॉक्टर चुकला असेल. पोरसवदा असतात ते, दाढीला वस्तरा लागलेला नसतो, आणि माणसाला… — बाई होती? बाई चुकत नाहीत असं कुठे आहे?

किती कापणार? — अर्धी. — अर्धी जीभ. तुझी. अरे, मग बोली कोण पुकारणार? तो पांढऱ्या उंटिणीच्या लिलावाच्या वेळचा तुझा आवाज, अख्खा बाजार थांबला होता, उंटसुद्धा मान वळवून बघत होते, आणि ती जीभ अर्धी… आणि तू असा शांत बसून सांगतोस मला, गाडीचं चाक बदलायचंय तसं! डोळा तरी ओला कर. मी असतो तर डोकं आपटलं असतं भिंतीवर. — लवकर आलं असतं तर थोडीच कापली असती? असं म्हणाली ती? दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि येतात तेव्हा… हो, हो, समजलं, परत सांगू नकोस. दुखत नाही तेच वाईट. समजलं म्हटलं ना! मला काय धडा देतोस? दिवसभर दुकानात बसून मीच लोकांना सांगतो ना, दुखत नाही तर… — ऐक, वारा सुटला. दाराचा पत्रा वाजतोय. जायला हवं तुला, अर्ध्या वाटेत सापडशील धुळीत.

आता आणखी काय? — माझ्यासाठी आलास? माझ्यासाठी कशाला? — जीभ दाखवायला आलो नव्हतो, म्हणतो! मग? — माल? मालाचं काय? कडक लागला, बरं, तुलाही लागला, मग? — नीट बोल, घाई करू नकोस, ऐकतोय. — तुझ्या जिभेची कड आधी बधिर झाली. मग चव गेली. मग. बरं. ते तुझं. — आणि माझा माल कडक झाला तेव्हा तू घरी बसून विचार केलास, की खलफल्लाचा ओठ तर कधी चुकत नाही, मग… — वा रे शहाण्या! बाजारात उंटाचे दात बघून वय सांगतोस, तसा आता माझ्या मालावरून माझा ओठ ओळखलास? आणि आ करून बसलास तो याच्यासाठी, की मी तुझं बघावं आणि मला माझं आठवावं? ही तुझी चाल? ही दलालाची चाल झाली, मित्राची नाही. मला खेळवलंस तू. या माझ्या बापाच्या स्टुलावर बसून!

नाही. मी येणार नाही तुझ्याबरोबर. तुझी तारीख आहे, तुझं ऑपरेशन आहे, तू जा, मी दुवा करीन. माझी गादी आहे, साधी गादी, तुझ्यापेक्षा जुनी म्हणून जरा जाड. जबड्याखाली जे आहे ते — कुणी सांगितलं तुला? बतूलनं? बायको घरातलं बाजारात सांगायला लागली म्हणजे झालंच! पेरूच्या बीएवढं आहे. होतं. आता थोडं… सर्दीनं येतं ते. आणि मी दवाखान्यात जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील, विचार केलास? तुंबाकवाला खलफल्ला, तोंड दाखवायला रांगेत! ज्याच्याकडे सगळं गाव तोंड दाखवतं तो! उद्यापासून कोण चिमूटभर तरी नेईल माझ्याकडून? अख्ख्या गल्लीच्या ओठात माझा बार आहे, तिजानी, अख्ख्या गल्लीच्या. आणि तू म्हणतोस की मी — माझा ओठ मेलाय म्हणून मी खार वाढवत गेलो, आणि यांच्या सगळ्यांच्या तोंडात… नाही. नाही! ऊठ. आत्ताच ऊठ. म्हणे मित्र!

— थांब. असा जाऊ नकोस. बस. वादळ सुरू झालंय, दार ओढून घे आत. ओढ. आता ऐकायला कुणी नाही. — तू बघतोस का? एकदाच. डॉक्टरबाईला नाही, तुला दाखवतो. तू पाहिलंयस ना तुझं आरशात, ते कसं दिसत होतं सुरुवातीला, मग कसं झालं, तुला माहीत आहे ना? माझ्याकडे आरसा आहे, पण मी… घरी पालथा घालून ठेवलाय तो, बतूल विचारते का, मी म्हणतो धूळ बसते. बघ आणि खरं सांग. दलालासारखं नको सांगूस, भाव चढवून नको आणि पाडूनही नको. तुझं आहे तसलं नाही, एवढं म्हणालास तरी पुरे. हा घे मोबाईल. असा धर. वरचा बार काढून टाकतो, थांब… थू. हां. खालचा ओठ मी ओढतो, तू डावीकडे बघ, आत, हिरडीपाशी.

आ…

…

काय रे? झालं बघून? मिटू? — मिटलं. बोल. — दिवा का बंद केलास? पुन्हा लाव, नीट दिसलं नसेल, जीभ मधे आली असेल. — तिजानी. बोल की. तोंड तुझं उघडं नाही आता, बोलायला मनाई नाही. — अरे… रडतोस? स्वतःची अर्धी जीभ कापायची सांगताना पापणी हलली नाही तुझी, आणि आता… माझ्याकडे बघून… नको. नको ना रे. हात सोड माझा. सोड म्हणतो ना! जा तू. वादळ असू दे, तोंडावर साफा घे आणि जा. दुकान बंद झालंय. जा.